बारीक अक्षरातलं नाव



अण्णांकडे रेकॉर्ड ऐकायला गेलं की आधी एक छोटी परीक्षा द्यावी लागे. ते तबकडी लावायचे आणि रिकामं वेष्टन आपल्या हातात ठेवून म्हणायचे, 'मागची बाजू वाच.' पुढच्या बाजूचा फोटो त्यांच्या लेखी सजावट होती. मागे तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ध्वनिमुद्रण कुणी केलं, सगळं मोठ्यानं वाचायचं. अगदी खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एखादं नाव असायचं. ते वाचायला चष्मा लागला तर अण्णांचा चष्मा मिळे, पण सूट मिळत नसे.

त्यांच्या कपाटात सगळ्यात वर नाट्यसंगीत, मधे ख्याल, आणि तळाच्या फळीवर चोरबाजारातून आणलेल्या विलायती रेकॉर्डी. त्या फळीवरच्या तीन तबकड्या मी वेगवेगळ्या वर्षी ऐकल्या. एक जॉन मेयॉल आणि एरिक क्लॅप्टनची, एक फ्लीटवूड मॅकची, एक फोकस नावाच्या डच वाद्यवृंदाची. तिघांचं एकमेकांशी काही नातं असेल असं ऐकताना वाटत नाही. तिसऱ्या खेपेला मी खालची ओळ वाचली आणि थांबलो. तिन्ही ठिकाणी नाव एकच होतं, माइक व्हर्नन. अण्णा म्हणाले, 'आता तू वाचायला शिकलास.' त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं आमंत्रण आलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

व्हर्नन हा रेकॉर्ड प्रोड्यूसर. 'निर्माता' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमात पैसे घालणारे शेठजी येतात, म्हणून मी तो शब्द टाळणार आहे. प्रोड्यूसर म्हणून तो गात नाही, वाजवत नाही, यंत्रावरची बटणंही बहुधा दुसराच कुणी फिरवतो. कुणाचं मुद्रण करायचं, कुठलं गाणं घ्यायचं, कितव्या वेळचं वाजवणं ठेवायचं आणि कुठलं पुसायचं, हे तो ठरवतो. काचेपलीकडे बसून तो ऐकतो, आणि आपण पुढे पन्नास वर्षं जे ऐकणार असतो त्यावर 'हे चालेल' असं तो सगळ्यात आधी म्हणतो. आपल्याकडे एचएमव्हीत जी. एन. जोशी यांनी हेच काम केलं. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे म्हणून ते आपल्याला माहीत असतात. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांना एकत्र बसवणारी 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांनी घडवली, हे किती जणांना माहीत आहे? रेकॉर्ड मात्र घरोघर होती.

ब्ल्यूजबद्दल दोन शब्द सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेलं हे काळ्या लोकांचं गाणं. त्याचा ठरलेला साचा बारा खंडांचा, दर खंडाला चार मात्रा. म्हणजे आपल्या हिशेबानं अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन, की पुन्हा समेवर. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठे तरी लागतो, पेटीवर तो सापडत नाही. म्हणून गिटारवाला तार ओढून तो स्वर काढतो. आपण याला मींड म्हटलं तर फारसं चुकणार नाही. साचा इतका साधा की कुणीही वाजवावा, आणि इतका उघडा की नकली वाजवणारा पहिल्या आवर्तनात पकडला जावा.

माइक व्हर्नन २० नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनजवळच्या हॅरो इथे जन्मला. त्याच्या शाळकरी वयात अमेरिकन ब्ल्यूजच्या तबकड्या इंग्लंडमध्ये सहज मिळत नसत. ठरावीक दुकानांत जायचं, टपालानं मागवायच्या, एकानं मिळवली की दहा जणांनी ऐकायची. १९५८ साली शिकागोचा ब्ल्यूज गायक मडी वॉटर्स विजेची गिटार घेऊन इंग्लंडला आला, तेव्हा ब्ल्यूज म्हणजे साधी लाकडी गिटार अशी समजूत असलेल्या श्रोत्यांपैकी काहींनी कानांवर हात ठेवले. १९६२ पासून अमेरिकन फोक ब्ल्यूज फेस्टिव्हल दरवर्षी युरोपात यायला लागला आणि तबकडीवरची नावं हाडामांसाची होऊन समोर उभी राहिली. व्हर्ननच्या पिढीचं शिक्षण झालं ते असं, आधी लेबल वाचून आणि मग माणूस पाहून.

वयाच्या अठराव्या वर्षी तो डेका कंपनीत लागला, अगदी तळाच्या जागेवर. डेका मोठी आणि जुन्या वळणाची कंपनी होती. वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या ब्रॉडहर्स्ट गार्डन्सवर तिचा स्टुडिओ होता. १ जानेवारी १९६२ ला बीटल्सनी परीक्षेसाठी गाणी वाजवली ती याच इमारतीत, आणि डेकानं त्यांना परत पाठवलं. व्हर्नन आत शिरला तो या नामुष्कीनंतर थोड्याच महिन्यांनी.

दिवसा डेकाची नोकरी, आणि उरलेल्या वेळात घरचा उद्योग. १९६४ साली त्यानं मित्र नील स्लेव्हनबरोबर 'आर अँड बी मंथली' नावाचं छोटं मासिक काढलं. आपल्याकडची लघुनियतकालिकं आठवा, खिशातले पैसे, मोजके वर्गणीदार, आणि संपादक, मुद्रितशोधक, पाकिटं चिकटवणारा असे सगळे तेच दोघे-तिघे. या मासिकाच्या वाचकांसाठी त्यानं पुढच्या वर्षी एक तबकडी काढली. ब्ल्यूज गायक हाउलिन वुल्फचा गिटारवादक ह्यूबर्ट समलिन फेस्टिव्हलबरोबर इंग्लंडला आला होता. व्हर्ननच्या घरीच टेपरेकॉर्डर लावून त्याचं वादन टिपलं गेलं. प्रती काढल्या नव्व्याण्णव, शंभर का नाही? शंभराच्या आत प्रती असल्या तर सरकारचा खरेदी-कर लागत नसे म्हणून. ब्ल्यू हॉरायझन या लेबलचा जन्म असा कर वाचवण्याच्या हिशेबातून झाला. कागदावर नव्व्याण्णव हा आकडा मला फार आवडतो. त्यात व्यवहारही आहे आणि एक प्रत कमी काढल्याची रुखरुखही.

त्याच्या आणखी एका छोट्या लेबलचं नाव होतं पर्दा. आपलाच शब्द, फारशीतून उर्दूत आणि तिथून इंग्रजी साहेबाच्या तोंडी गेलेला. या पर्दावर १९६६ साली मेयॉल आणि क्लॅप्टन या दोघांचीच एक छोटी तबकडी निघाली, पाचशे प्रतींची. मुद्दाम एकाच माइकपुढे वाजवून घेतलेली, म्हणजे शिकागोच्या जुन्या तबकड्यांसारखी वाटावी. स्टुडिओत चांगली यंत्रं हाताशी असताना ती बाजूला ठेवायची, हा हट्ट कळायला कान तयार लागतो.

१९६४ ची एक तबकडी अण्णांच्या हाती लागायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. मडी वॉटर्सचा पियानोवाला ओटिस स्पॅन लंडनला आला, तेव्हा व्हर्नननं डेकासाठी त्याची स्वतंत्र एलपी केली. व्हर्नन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गिटारवर खुद्द मडी वॉटर्स बसला होता, पण तो चेस या रेकॉर्ड कंपनीच्या करारात अडकलेला. त्यामुळे वेष्टनावर त्याचं नाव येऊ शकत नव्हतं. तिथे छापलं 'ब्रदर', एवढंच. बारीक अक्षरात 'भाऊ' असं वाचून अण्णांनी काय केलं असतं, हे मला डोळ्यांपुढे दिसतं. त्यांनी सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली असती आणि भाऊ कोण ते आमच्याकडून ओळखून घेतलं असतं.

आता अण्णांच्या कपाटातल्या मेयॉल आणि क्लॅप्टनच्या १९६६ च्या एलपीकडे येतो. मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या वाद्यवृंदात तेव्हा गिटारवर एरिक क्लॅप्टन होता, वय एकवीस. आधी एका क्लबात कार्यक्रम चालू असतानाच मुद्रण करून पाहिलं होतं, पण आवाज समाधानकारक आला नाही. म्हणून मंडळी ब्रॉडहर्स्ट गार्डन्सला आली. बासवर जॉन मॅकव्ही, ड्रमवर ह्यूई फ्लिंट, यंत्रावर ध्वनिमुद्रक गस डजन.

स्टुडिओतला तेव्हाचा रिवाज असा होता की प्रत्येक वाद्य आपापल्या माइकपुढे बेतानं वाजायचं. गिटारचा अँप्लिफायर हळू ठेवायचा, माइक त्याच्या तोंडाशी लावायचा. बाकी कमीजास्त यंत्रावर करता येतं. क्लॅप्टननं आपला मार्शल अँप्लिफायर क्लबात ठेवतो तसाच ठेवला, मोठ्या आवाजावर. हातात गिब्सन लेस पॉल. व्हाल्व्हच्या अँप्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे रेटलं की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. आपल्या भाषेत, आवाज फाटतो. लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्याचा आवाज फाटतो तेव्हा आपण मंडपवाल्याला शिव्या घालतो. पण इथे तो फाटलेला स्वर लांबत राहतो, विरत नाही, आणि ओढलेल्या तारेवर मानवी गळ्यासारखा कापतो. क्लॅप्टनला तेच हवं होतं. डजनला ते मुद्रणाच्या सगळ्या नियमांविरुद्ध वाटत होतं. गिटार ड्रमच्या माइकमध्ये शिरत होती, ड्रम गिटारच्या माइकमध्ये, आणि यंत्रावरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे.

आवाज कमी कर, असं एकवीस वर्षांच्या गिटारवाल्याला सांगणं सोपं होतं. व्हर्ननचं वयही तेवढंच होतं आणि कंपनी जुन्या वळणाची होती. चूक झाली असती तर ती त्याच्या नावावर लागली असती. तरी त्यानं गिटार तशीच वाजू दिली. माइक मागे घेतला गेला, खोलीचा आवाज आत येऊ दिला गेला. व्हर्नननं क्लबात उभं राहून या मुलाला ऐकलं होतं. जे बाहेर ऐकलं ते आत यायला हवं, एवढंच त्याचं म्हणणं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि त्यात त्यानं केलं काय तर काही करायचं टाळलं. तोपर्यंत दोष समजला जाणारा तो फाटका आवाज पुढे गिटारवाले पैसे मोजून विकत घ्यायला लागले. त्या अँप्लिफायरला आज 'ब्लूजब्रेकर' याच नावानं ओळखतात.

ही एलपी २२ जुलै १९६६ रोजी बाजारात आली आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. वेष्टनावरच्या फोटोत क्लॅप्टन फोटोग्राफरकडे न बघता 'बीनो' नावाचं मुलांचं कॉमिक वाचत बसला आहे. तबकडी आली तोवर तो मेयॉलला सोडून क्रीम या नव्या वाद्यवृंदात गेला होता. पुढे मेयॉल वारला तो २२ जुलै २०२४ ला, तबकडीच्या तारखेला, अठ्ठावन्न वर्षांनी.

क्लॅप्टन गेल्यावर मेयॉल पुढच्या मुद्रणासाठी एका अनोळखी मुलाला घेऊन आला. क्लॅप्टन कुठे आहे, असं व्हर्नननं विचारलं, आणि हा त्याच्यापेक्षा चांगला आहे, असं मेयॉलनं सांगितलं, ही गोष्ट व्हर्ननच पुढे सांगत आला. मुलाचं नाव पीटर ग्रीन. क्लॅप्टन स्वरांनी खोली भरायचा, ग्रीन जागा सोडायचा. दोन स्वरांमधली शांतता ऐकू यावी अशी त्याची वाजवण्याची ढब. मेयॉलच्या १९६७ च्या 'अ हार्ड रोड' या एलपीवर तो आहे. आणि मग ग्रीननंही मेयॉलला सोडलं. त्यानं स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि नाव ठेवलं ते त्याचं स्वतःचं नव्हे. ड्रमवाला मिक फ्लीटवूड आणि बासवाला जॉन मॅकव्ही यांच्या नावांचे तुकडे जोडून त्यानं फ्लीटवूड मॅक केलं. गंमत म्हणजे मॅकव्ही अजून मेयॉलकडेच होता, यायचं कबूलही केलं नव्हतं.

व्हर्ननला हा वाद्यवृंद ब्ल्यू हॉरायझनवर हवा होता. डेकात राहून ते शक्य नव्हतं. १९६७ च्या अखेरीला त्यानं सीबीएस कंपनीशी वितरणाचा करार केला, आणि नव्व्याण्णव प्रतींचं लेबल खरोखरीचं लेबल झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये फ्लीटवूड मॅकची पहिली एलपी आली. वेष्टनावर गल्लीतली कचऱ्याची पेटी आणि एक कुत्रं. ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली आणि सदतीस आठवडे यादीत राहिली. दुसऱ्या एलपीच्या वेळी व्हर्ननच्या डोक्यात पुन्हा तो जुना हट्ट. कार्यक्रमाला वापरतात ते ध्वनिवर्धक स्टुडिओत आणून त्यांच्यापुढे माइक ठेवले, म्हणजे क्लबाचा खरखरीतपणा यावा. खरं सांगायचं तर ती एलपी मला थोडी मळकट वाटते. प्रत्येक हट्ट फळतोच असं नाही.

आणि याच माणसानं, याच वर्षी, 'अल्बट्रॉस' केलं. ऑक्टोबर १९६८, न्यू बाँड स्ट्रीटवरचा सीबीएसचा स्टुडिओ. ग्रीनबरोबर दुसऱ्या गिटारवर अठरा वर्षांचा डॅनी कर्वन. शब्द नाहीत. बारा खंडांचा साचा नाही. फ्लीटवूड ड्रमवर काठ्यांऐवजी मऊ गोळे लावलेल्या टिपऱ्या चालवतो, त्यामुळे ड्रम वाजल्यासारखा वाटत नाही, समुद्र लांबून ऐकू यावा तसा वाटतो. ब्ल्यूजच्या नावानं मासिक काढलेल्या माणसाला याला ब्ल्यूज म्हणायला हरकत घेता आली असती. व्हर्नननं घेतली नाही. जानेवारी १९६९ मध्ये ते इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. बीटल्सना आपल्या 'सन किंग' या गाण्याची कल्पना सुचली ती यावरूनच, असं जॉर्ज हॅरिसननं पुढे सांगितलं. ज्या बीटल्सना डेकानं परत पाठवलं होतं, ते आता डेकाच्या जुन्या नोकरानं केलेल्या तबकडीवरून शिकत होते.

त्या पहिल्या क्रमांकाच्याच सुमाराला व्हर्नन इंग्लंडमध्ये नव्हता. तो फ्लीटवूड मॅकला घेऊन शिकागोला गेला होता, चेस कंपनीच्या स्टुडिओत. हे ठिकाण म्हणजे त्या पोरांचं पंढरपूर. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर, सगळे इथले. तिथे विली डिक्सन उभा बास घेऊन आला, माउथ ऑर्गनवर शेकी हॉर्टन, पियानोवर ओटिस स्पॅन, शिवाय हनीबॉय एडवर्ड्स, बडी गाय. समोर अठरा ते तेवीस वर्षांची गोरी इंग्लिश मुलं, ज्यांनी या मंडळींच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. मुद्रण ऐकताना मधे बोलणं ऐकू येतं, सुरुवात चुकते, कुणी हसतं, पुन्हा पहिल्यापासून. व्हर्नननं ते सगळं तबकडीवर ठेवलं. ती दोन तबकड्यांची एलपी त्याच वर्षअखेरीस आली.

मला त्यातलं हसणं आवडतं, आणि ते थोडं अस्वस्थही करतं. आता जरा कडू बोलतो. ब्रिटिश ब्ल्यूजचा सगळा उत्सव हा ज्यांनी हे गाणं जन्माला घातलं त्यांच्या मानानं फारच भरलेल्या ताटावर झाला. क्लॅप्टन आणि ग्रीन विशीत देशभर नावारूपाला आले. स्पॅननं शिकागोत जन्म काढला, आणि एप्रिल १९७० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर दगडसुद्धा बसला नाही. तो बसला १९९९ मध्ये, चाहत्यांनी बसवला तेव्हा. व्हर्नन याला जबाबदार नव्हता, पण या व्यवहाराच्या बाहेरही नव्हता. त्याच्या बाजूनं एक गोष्ट मी नोंदवतो. त्यानं या माणसांना नुसतं आठवणीत ठेवलं नाही. जानेवारी १९६९ च्या त्याच दौऱ्यात न्यू यॉर्कमध्ये त्यानं स्पॅनची स्वतंत्र एलपी केली. ग्रीन, कर्वन आणि मॅकव्ही तिथे स्पॅनची साथ करायला बसले. वेष्टनावर मोठ्या अक्षरात स्पॅन, बारीक अक्षरात इंग्लिश मुलं. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवाला चॅम्पियन जॅक ड्युप्री तेव्हा यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सला संसार थाटून राहत होता. गिरण्यांच्या त्या गावात राहणाऱ्या ड्युप्रीच्या एलपी ब्ल्यू हॉरायझननं काढल्या. एडी बॉइड, मेम्फिसचा फरी लुइस, अशी यादी बरीच आहे. शिकागोच्या कोब्रा कंपनीची बंद पडलेली जुनी मुद्रणंही त्यानं पुन्हा छापली. या तबकड्या फार खपल्या नाहीत, खपणार नाहीत हे त्यालाही ठाऊक असणार. एकीकडे फ्लीटवूड मॅकचा पैसा येत होता म्हणून दुसरीकडे हे जमत होतं.

आणि मग तो पैसा गेला. फ्लीटवूड मॅकच्या करारात मुदत वाढवण्याचा हक्क होता. तो वेळेत बजावला गेला नाही. वाद्यवृंदाच्या मॅनेजरनं संधी साधली, आणि १९६९ च्या वसंतात 'मॅन ऑफ द वर्ल्ड' दुसऱ्याच लेबलवर निघालं. तिथेही मुद्रण व्हर्ननचंच होतं. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि व्हर्ननच्या हातून फ्लीटवूड मॅक सुटला तो कायमचा. एक तारीख वहीत लिहायची राहिली आणि केवढा वाद्यवृंद गेला! ब्ल्यू हॉरायझनच्याच चिकन शॅक या वाद्यवृंदातली गायिका क्रिस्टीन परफेक्ट, जिचं 'आय'ड रादर गो ब्लाइंड' १९६९ मध्ये गाजलं, ती जॉन मॅकव्हीशी लग्न करून पुढे फ्लीटवूड मॅकमध्ये गेली. १९७७ च्या 'रूमर्स' या एलपीवर जी क्रिस्टीन मॅकव्ही गाते ती हीच. ब्ल्यू हॉरायझन नंतर पॉलिडॉरकडे गेलं आणि सत्तरीच्या सुरुवातीलाच मिटलं.

मधल्या काळातली एक गोष्ट वगळली तर अण्णा रागावतील. डेकात असताना व्हर्ननला जे वाट्याला येईल ते करावं लागे. १९६७ मध्ये त्याच्या वाट्याला डेव्हिड बोवी आला, तोवर कुणाला माहीत नसलेला. त्याची पहिली एलपी व्हर्नननं केली, आणि 'द लाफिंग नोम' हे बुटक्या भुतावरचं बालिश गाणंही. त्यातले चिरके आवाज टेप जोरात फिरवून काढलेले, यंत्रावर तोच गस डजन. काहीच चाललं नाही. १९७३ मध्ये बोवी मोठा झाल्यावर कंपनीनं ते गाणं पुन्हा बाजारात आणलं आणि ते सहाव्या क्रमांकावर गेलं. बोवीला व्हर्नन कळला नाही की व्हर्ननला बोवी, हे मला ठरवता येत नाही. बोवी क्लबात ऐकून उचलण्याची चीज नव्हता. तो मनात रचलेला माणूस होता, आणि व्हर्ननचा कान समोर वाजतं ते ऐकणारा. डजनला मात्र ते जमलं. बोवीचं 'स्पेस ऑडिटी' त्यानंच केलं आणि नंतर एल्टन जॉनच्या तबकड्याही.

पुढचं भराभर सांगतो. व्हर्नन आणि भाऊ रिचर्ड यांनी ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टन गावात एक जुनी शाळेची इमारत घेऊन तिथे निवासी स्टुडिओ केला. मंडळींनी यावं, तिथेच राहावं, तिथेच वाजवावं. तो १९९९ पर्यंत चालला. १९७८ चं जेरी रॅफर्टीचं 'बेकर स्ट्रीट', ज्यातल्या सॅक्सोफोनची धून तुमच्यापैकी निम्म्यांना नाव न कळता पाठ असेल, ते या शाळेत मुद्रित झालं, प्रोड्यूसर मात्र दुसराच. फोकसचं 'होकस पोकस', ज्यात डच गायक घसा उलटापालटा करून यॉडलिंग करतो, ते व्हर्ननचं. लेव्हल ४२ या वाद्यवृंदाची १९८१ ची पहिली एलपी, तीही व्हर्ननची. नव्वदीत आणखी दोन ब्ल्यूजची लेबलं, मग स्पेनला मुक्काम. तिथून येऊन तो तरुण ब्रिटिश ब्ल्यूजवाल्यांच्या तबकड्या करत राहिला, आणि २०१८ मध्ये स्वतःच माइकपुढे उभा राहून गायला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी 'बियाँड द ब्ल्यू हॉरायझन' नावाची त्याची तबकडी निघाली. बहुतेक आयुष्य काचेपलीकडे काढलेला माणूस काचेच्या अलीकडे आला, आणि वेष्टनावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलं गेलं.

वेळ संपत आली आहे. अण्णांच्या कपाटातली फ्लीटवूड मॅकची तबकडी त्यांच्या नातीनं आज बरोबर आणली आहे. 'अल्बट्रॉस' तीन मिनिटांचं आहे. ड्रमचा आवाज फार हळू आहे, म्हणून सभागृहाचे पंखे तेवढ्यापुरते बंद करायला मी सांगितलंय, उकाडा सोसा. आणि वेष्टन पहिल्या रांगेपासून मागे पाठवतोय. पुढची बाजू बघायची असेल तर बघा, पण मागची वाचून मगच शेजाऱ्याकडे द्या.